साईड इफेक्ट नाही म्हणे!

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या साडीसाठी नावाजलेलं. कोष्ट्यांच्या मागावर चढणारं टसरचं सूत मुळात जंगलाचं. टसरची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांचा पाला खाऊन वाढते. पूर्व विदर्भातली ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या झाडांवर अळ्या चढवतात, पाखरांपासून त्यांची राखण करतात आणि कोश उतरवून आणतात. कोश देणाऱ्या याच अर्जुनाची दुसरीही एक ओळख आहे. छातीत धडधडतं, चार पावलं चालल्यावर दम लागतो, म्हणून त्याची साल उकळून पिणारी माणसं झाडीपट्टीत आजही आहेत.

आज ही साल किती सोंगं घेऊन बाजारात उभी असते ते पाहावं. आठवडी बाजारात वैदूच्या फडक्यावर वाळलेले तुकडे, काष्ठौषधींच्या दुकानात वस्त्रगाळ पूड, औषधाच्या दुकानात अर्जुनारिष्टाची बाटली, शहरातल्या चकचकीत दुकानात ‘हर्बल टी’ची पाकिटं आणि मोबाइलवर मागवलेल्या अर्काच्या कॅप्सूल. विकत घेणाऱ्याच्या तोंडी मात्र या सगळ्यांना एकच नाव असतं, ‘आयुर्वेदिक’. आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: साईड इफेक्ट नाही म्हणे!

या ‘म्हणे’मध्ये सगळी गोम आहे. घरचं औषध, वैदूचं औषध, शास्त्रोक्त आयुर्वेद, कंपनीचं ‘हर्बल’, निसर्गोपचार आणि मंत्रतंत्र हे सहा वेगवेगळे मामले आहेत. त्यांचा उगम वेगळा, त्यांचे कायदे वेगळे आणि त्यातून होणारा अपायही वेगळा. पण ते एकाच गाठोड्यात बांधले गेले आहेत, आणि गाठोडं बांधणाऱ्याला त्यात फायदा आहे.

अर्जुनारिष्टापासूनच सुरुवात करू. ग्रंथात त्याचं नाव पार्थाद्यरिष्ट. पार्थ म्हणजे अर्जुन, ही वैद्यांची जुनी गंमत. ‘भैषज्य रत्नावली’तल्या पाठात अर्जुनाची साल, मनुका, मोहाची फुलं, धायटीची फुलं आणि गूळ असा मसाला आहे. मनुका आणि गूळ सोडला तर भंडारा-गोंदियाचं रानच त्या बाटलीत उतरलेलं दिसतं. साल, मनुका आणि मोहफुलांचा काढा करायचा, त्यात गूळ आणि धायटीची फुलं घालायची, तोंड बंद करून महिनाभर आंबू द्यायचं. काढा करून आंबवलं तर अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव. आंबण्यातून मद्य तयार होतं, साधारण पाच ते दहा टक्के, आणि बाटलीच्या लेबलावर तसं छापलेलंही असतं. नवऱ्याच्या दारूवरून गाव डोक्यावर घेणारी बाई सासूला रात्री जेवणानंतर दोन चमचे अर्जुनारिष्ट निमूट पाजते. त्यात गैर काही नाही. मात्र आधीच यकृत बिघडलेल्या किंवा गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं. ‘नैसर्गिक’ हा शब्द ते सांगत नाही.

ग्रंथांत याच सालीचा दुसराही प्रकार आहे, क्षीरपाक. साल, दूध आणि पाणी एकत्र उकळायचं, पाणी आटून दूध उरलं की गाळून घ्यायचं. चूर्ण वेगळं, काढा वेगळा, अरिष्ट वेगळं, क्षीरपाक वेगळा. वनस्पतीचं औषध बनवण्याच्या मूळ रीती पाच सांगितल्या आहेत: स्वरस म्हणजे ताजी वनस्पती पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेला लगदा, क्वाथ म्हणजे काढा, हिम म्हणजे रात्रभर गार पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी आणि फांट म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळलेलं. या क्रमाने त्यांचा जोर उतरत जातो. ‘शार्ङ्गधर संहिते’च्या मापाने काढा करायचा तर एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घेऊन आठवा भाग उरेपर्यंत आटवावं लागतं. टी बॅग कपात बुडवून दोन मिनिटांत बाहेर काढली तर होतो तो फार तर फांट. पाकिटावर मात्र काढ्याची महती छापलेली असते.

कायद्याला हे भेद कळतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाण मानलेल्या ग्रंथांची यादी आहे. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर, भैषज्य रत्नावली वगैरे. या ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे बनवलेलं ते शास्त्रोक्त औषध. या ग्रंथांतलीच द्रव्यं घेऊन कंपनीने स्वतःच्या डोक्याने केलेलं मिश्रण ते पेटंट किंवा प्रोप्रायटरी औषध. दोन्हींवर ‘आयुर्वेदिक औषध’ असंच छापलं जातं. पहिल्यामागे निदान काही शतकांचा वापर तरी असतो, दुसऱ्यामागे कधीकधी फक्त गेल्या वर्षीची मार्केटिंगची बैठक. आणि ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून विकलं जाणारं तिसरंच. त्याचा परवाना अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली येतो, औषधाच्या नव्हे. तिन्ही बाटल्यांवर हिरवं पान असतंच.

आता बिब्ब्याकडे वळू. विदर्भाच्या रानातलं हे काळं, चकचकीत फळ. त्याच्या तेलाने परटाने केलेली खूण धुण्याने जात नाही. टाचांच्या भेगांत बिब्बा भरायची रीत जुनी. फळ फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात त्याच तेलाने भाजून काळे पडतात, आणि ती गोडंबी नागपूरच्या बाजारात सुक्यामेव्याच्या भावाने जाते. आयुर्वेदात हाच भल्लातक. पण शास्त्र सांगतं की तो तसाच वापरायचा नाही. आधी शोधन करायचं, म्हणजे विटेच्या भुकटीत घोळून, घासून त्याचं जहाल तेल काढायचं. बचनागाला गोमूत्रात भिजवणं, कुचल्याला दुधात शिजवणं याही त्याच जातीच्या क्रिया. जुन्या वैद्यांना वनस्पती विषारी असते हे पक्कं ठाऊक होतं. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे त्यांचं वाक्य नव्हेच, ते जाहिरातवाल्यांचं. आजच्या औषध नियमांतही ‘ई-१’ नावाची अनुसूची आहे. तिच्यात भल्लातक, वत्सनाभ म्हणजे बचनाग, कुचला, धोतरा, गुंज, जेपाळ, तसंच पारा आणि हरताळ अशी नावं आहेत. यातलं द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना लेबलावर छापणं बंधनकारक आहे. ती किती बारीक अक्षरात छापतात हा वेगळा विषय.

धातूंचं शोधन-मारण करून त्यांचं भस्म बनवणं हे तर याहून अवघड काम. २००४ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापून आली. बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांत मिळणारी, दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. त्यावर दोन्ही बाजूंनी बरीच धूळ उडाली. रसशास्त्राच्या, म्हणजे धातूंच्या औषधांच्या, जाणकारांचं म्हणणं असं की नीट बनलेलं भस्म निराळं आणि कच्चं राहिलेलं निराळं. असेल. पण बाटली हातात घेऊन हा फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

गुळवेलीची कथा अजून ताजी आहे. करोनाच्या काळात घराघरांत काढे उकळले गेले आणि कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीला सोन्याचे दिवस आले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खात्री केलेली नाही. पुढे देशातल्या अनेक केंद्रांतून आणखी रुग्णांची नोंद झाली, आणि वाद मिटला नाही. पण मंत्रालयाचा आक्षेप धरून चाललं तरी ग्राहकाच्या पदरात काय पडतं? बाजारातून आणलेली गुळवेल गुळवेलच असेल याची हमी नाही, हेच ना!

हे ओळखण्याचं काम पूर्वी वैदू करायचा. महाराष्ट्रातली ही भटकी जमात. खांद्यावर झोळी, झोळीत मुळ्या, पाले, सराटे आणि तुंबडी. तुंबडी म्हणजे पोकळ शिंग. अंगाला चीर देऊन त्यावर ते लावायचं, तोंडाने हवा ओढायची आणि ‘नासकं’ रक्त काढायचं. मराठीने या उपचाराची चांगलीच दखल घेतली आहे; दुसऱ्याच्या जिवावर ‘स्वतःच्या तुंबड्या भरणारे’ आपल्याला रोज भेटतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या पाठीवर लालसर गोल वळ दिसले आणि जगभर ‘कपिंग’ची चर्चा झाली. आज पुण्या-मुंबईच्या वेलनेस सेंटरमध्ये काचेच्या पेल्यांनी हाच प्रकार होतो. वैदूच्या वाट्याला वाक्प्रचार आला आणि सेंटरच्या वाट्याला पाकिटभर पैसे.

वैदूची, गावातल्या सुईणीची, ढिवर-गोंड बायांची विद्या तोंडी. गडचिरोलीतल्या बाया झाडांविषयी काय काय जाणतात ते डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात लिहून ठेवलं. असं लिहून ठेवण्याचं मोल किती, हे हळदीच्या लढाईने दाखवलं. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना हळदीने जखम भरते या ‘शोधा’चं अमेरिकी पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ते रद्द झालं छापील पुराव्यावर. मराठी घरात बोट कापलं की हळद भरतात, याला कोटी साक्षीदार असले तरी तिथे कागद लागतो. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतले पाठ पेटंट तपासनिसांना कळतील अशा भाषांत आणि वर्गवारीत त्यात मांडले आहेत. त्यामुळे ग्रंथातलं ज्ञान राखलं गेलं. वैदूच्या झोळीतलं मात्र अजून उघड्यावरच आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती बहुतेकदा कपाटात पडून राहते. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूटही दिली. गावातल्या परंपरागत वैद्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची एक योजना भारतीय गुणवत्ता परिषदेने आणली आहे. ऐच्छिक आहे, चांगली आहे, आणि पालं ठोकून राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायला तिला बरंच चालावं लागेल.

निसर्गोपचाराला लोक ऋषिमुनींशी जोडतात. त्याचं आजचं रूप बऱ्याच अंशी जर्मन आहे. लाइपझिगच्या लुई कूने यांचं कटिस्नान आणि अडॉल्फ जुस्ट यांची मातीची पट्टी गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत पुस्तकांतून उचलली आणि घरच्यांवर, आश्रमवासीयांवर वापरून पाहिली. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहायचे. १८ नोव्हेंबर १९४५ ला तिथेच एका अखिल भारतीय न्यासाच्या दस्तावर त्यांनी सही केली. त्याची आठवण म्हणून १८ नोव्हेंबर हा आता राष्ट्रीय निसर्गोपचार दिन असतो, आणि त्याच वास्तूत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आठवडाभर राहिले आणि मग तिथे सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम मणिभाई देसाईंवर सोपवून निघाले. निसर्गोपचारात खरं तर औषधच नाही. उपास, आहार, पाणी, माती, ऊन. म्हणून ‘निसर्गोपचाराच्या गोळ्या’ असं कुणी विकत असेल तर त्याने कूनेही वाचलेला नाही आणि गांधीही.

यापुढचा शब्द सगळ्यांत महाग पडणारा आहे: उतरवणं. विंचू उतरवतात, साप उतरवतात, कावीळ उतरवतात, नजर उतरवतात. मंत्र टाकल्यावर माणूस बरा होतो हे खोटं नाही; बरेचदा होतोच. बहुतेक विंचवांच्या दंशाने माणूस मरत नाही, बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक ओसरते. तोवर गळ्यातली काविळीची माळ गाठी सैल होऊन लांबलेली असते आणि कावीळ ‘उतरली’ हे सगळ्यांना दिसतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते हाताला आधी चोळलेल्या सालीच्या रसामुळे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवत आले आहेत.

उरलेल्या थोड्यांचं काय? कोकणातला लाल विंचू त्या थोड्यांतला. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पाहिलं की त्याच्या विषाने हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि धडधाकट पोरं दगावतात. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यांनी या रुग्णांना दिलं. जिथे शंभरातले तीस-चाळीस रुग्ण जायचे तिथे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचू उतरला तो असा.

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात भीती मण्यारीची. रोवणीच्या दिवसांत माणसं दमून जमिनीवर अंथरूण टाकतात. मण्यार रात्री येते, चावा फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. साप कुणी पाहिलेला नसतो, म्हणून घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे, आणि दवाखान्याआधी मांत्रिकाचं दार ठोठावतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस सरकारी रुग्णालयात असते. पण श्वासाचे स्नायू बंद पडण्याआधी माणूस तिथे पोहोचायला हवा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत हे अगदी नेमकं लिहिलं आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. मंत्र म्हणणं गुन्हा नाही, रोखणं गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांनी इथे रेघ बरोबर ओढली.

अशीच रेघ डाग देण्याच्या बाबतीतही ओढावी लागते. सुश्रुताने अग्निकर्म सांगितलं, कुठे, कशाने आणि किती भाजायचं याच्या नियमांसह. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचं उघड झालं. या दोन गोष्टींना ‘पारंपरिक उपचार’ या एकाच नावाखाली बसवणाऱ्या लेखकाने आधी ते बाळ पाहावं.

लोकांचे शब्द वापरून काय साधता येतं याचा धडा शेजारच्या गडचिरोलीत आहे. ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे न्यूमोनियाने मरणारी बाळं होती आणि हाताशी निरक्षर दाया. त्यांनी श्वासमोजणीचं एक साधन केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मिनिटात मणी जास्त सरकले की बाळाला औषध सुरू करायचं. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या निबंधात घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. दाईचं दाईपण कायम ठेवून तिच्या हाती मोजमाप दिलं होतं.

उलट उदाहरण ‘वाता’चं. सांधे ठणकतात, हातपाय फुटतात, तर वात आहे, म्हणून तेल चोळायचं आणि गरम-थंड पाळायचं. पूर्व विदर्भात त्या ठणक्यामागे सिकलसेल असू शकतो, हे नागपूरच्या डॉक्टरांना १९५० च्या दशकापासून माहीत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि वेदनेचा झटका येतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे लग्न ठरवताना कळलं तर उपयोगाचं, आणि ते नाडी पाहून कळत नाही, रक्ताच्या चाचणीने कळतं. हत्तीपायाचंही तसंच. सुश्रुताने श्लीपदाचं वर्णन केलंय, पण भंडारा-गडचिरोलीतला हत्तीरोग डासातून येणाऱ्या कृमीचा आहे आणि त्यासाठी आरोग्य खातं वर्षातून एकदा गोळ्या घरोघरी वाटतं. अंगाला काही झालेलं नसताना कशाला गोळी, म्हणून त्या अनेक घरांत फडताळावर राहतात. साईड इफेक्टची भीती नेमकी इथे आठवते.

शब्दांची ही सरमिसळ आता जागतिक पातळीवर निस्तरणं चाललं आहे. १० जानेवारी २०२४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीसाठी स्वतंत्र विभाग खुला केला. म्हणजे वैद्याने लिहिलेल्या आमवाताला आता जगाच्या नोंदवहीत संकेतांक आहे. किती रुग्णांना तो झाला हे मोजता येईल. औषधाने तो गेला का, हे वेगळं तपासावं लागेल.

जाहिरातींचा कायदा मात्र जुनाच आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. मधुमेह, कर्करोग, लकवा, वंध्यत्व, उंची वाढवणं अशा आजार-तक्रारींवर इलाजाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे, मग औषध कुठल्याही पॅथीचं असो. २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम आला: आयुष औषधाची जाहिरात छापण्यापूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली काढताना स्थगितीही उठली. त्यामुळे आता जाहिरात छापून झाल्यावर कुणीतरी ती कापून, तक्रारीचा अर्ज जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यायची, असा मार्ग उरला. तक्रारीत वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि लेबलावरचा परवाना क्रमांक लिहावा लागतो. वैदूच्या फडक्यावर परवाना क्रमांक नसतो, आणि मोबाइलवर आलेल्या जाहिरातीला तारीखही सापडत नाही.